निर्भय घराण्याची थरथर

फार दूर, जिथे डोंगरमाथ्यावर भर उन्हाळ्यातही बर्फ टिकून असतं आणि दऱ्यांमधून थंडगार पाण्याच्या नद्या वाहतात, अशा एका मुलखात पूर्वी एक उमराव घराणं नांदत होतं. नदीकाठच्या टेकडीवर त्यांचा दगडी किल्ला होता. दरवाजावर मोठी ढाल कोरलेली होती. ढालीवर एका पायावर उभा असलेला करकोचा, दुसऱ्या उचललेल्या पायात दगड, आणि खाली एकच शब्द: ‘निर्भय’.

त्या मुलखात ढालीला फार मान. घरात माणूस नावाने ओळखला जाई, बाहेर ढालीवरून. थोरला मुलगा बापाची ढाल जशीच्या तशी घेई. धाकट्याने मात्र तिच्या कोपऱ्यात एखादी छोटी खूण काढायची, चांदणी म्हणा, चंद्रकोर म्हणा. म्हणजे हा धाकट्या पातीचा, हे लांबूनच कळे.

या घराण्याच्याही दोन पात्या होत्या. थोरली पाती किल्ल्यात राहायची. धाकट्या पातीचं नाव किल्ल्यात कोणी घ्यायचं नाही, असा नियम होता. दिवाणखान्याच्या भिंतीवर घराण्याचा वंशवृक्ष रंगवलेला होता. मूळपुरुषाच्या बुंध्यातून दोन फांद्या फुटलेल्या. एक वर आढ्यापर्यंत गेलेली, पानाफुलांनी भरलेली. दुसरी बुंध्यापाशीच करवतीने कापल्यासारखी. तिच्याखाली लिहिलं होतं, ‘लबाडाची फांदी’.

आता झालं असं, की ती भरलेली फांदीही हळूहळू वाळत आली. लढायांत काही गेले, आजारांत काही गेले. शेवटी किल्ल्यात एकटा म्हातारा उमराव उरला. त्याचं नाव आन्सेल्म. बायको तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

आन्सेल्म फार शिकलेला होता. लहानपणी तलवार हातात दिली की त्याचा हात थरथर कापायचा, म्हणून वडिलांनी त्याला मठात पाठवून दिलं होतं. तिथली सगळी पुस्तकं त्याने वाचली. आकाशातले तारे त्याला नावानिशी ठाऊक होते, जुन्या तीन भाषा येत होत्या. पण दाराची कडी लावली की नाही, हे मात्र त्याला कधी नक्की सांगता आलं नाही. तो उठून बघायचा. अंथरुणात शिरला की वाटायचं, आपण खरंच बघितलं, की बघितल्याचा नुसता भास झाला? मग पुन्हा उठायचा. सूप गरम असेल म्हणून फुंकायचा आणि ते गार झालं की पोट बिघडेल म्हणून पुन्हा चुलीवर ठेवायला सांगायचा.

वंशवृक्षापुढे उभा राहिला की त्याची मान आपोआप खाली जाई. एवढ्या निर्भय माणसांच्या फांदीला शेवटी हे काय फळ लागलं, असं त्याला वाटे. बरं झालं आपल्यामागे कोणी नाही, असंही वाटे. आणि मग जेवताना तो समोरच्या रिकाम्या खुर्च्या मोजत बसे.

त्या मुलखात आणखी एक रीत होती. घराण्याला वारस उरला नाही की राजाचा चोपदार किल्ल्यावर येई. कोणती ढाल कोणाची, कोणाची पाती कुठे फुटली, सगळं त्याला तोंडपाठ असे. तो गावासमोर विचारी, “या रक्ताचं कोणी उरलंय का?” शेवटच्या माणसाने म्हणायचं, “कोणी नाही.” आणि आपल्या हाताने आपली ढाल मोडायची. त्यानंतर ते नाव कोणी घ्यायचं नाही. माणूस जगला तर जगला, घराणं मात्र त्या दिवशी संपलं.

द्राक्षांची तोडणी झाली की चोपदार येणार, असा निरोप आला. आन्सेल्मची झोप उडाली. घराणं संपणार याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी निराळीच होती. ढाल मोडलीच नाही तर? सगळं गाव हसेल. त्याने सुताराकडून हलक्या लाकडाची पातळ ढाल करून घेतली. ती इतकी पातळ झाली की आता हातात घेताक्षणी मोडेल, अशी काळजी लागली. शेवटी त्याने ठरवलं, एकदा तालीम करून बघावी.

त्याचा कारभारी वेंडेल. तोही म्हाताराच. उमरावाने त्याला अंगणात उभं केलं.

“वेंडेल, तू चोपदार हो. विचार मला.”

“मी चोपदार? सरकार, माझ्या अंगावर पीठ सांडलंय.”

“तालीम आहे रे ही. तालमीत पीठ चालतं.”

“चोपदार उंच असतो. मी काय दगडावर उभा राहू?”

“राहा बाबा, राहा! पण विचार एकदाचं.”

वेंडेल दगडावर चढला, खाकरला आणि अंगणभर घुमेल अशा आवाजात ओरडला, “निर्भय घराण्याच्या रक्ताचं कोणी उरलंय का?”

आन्सेल्मने तोंड उघडलं. ‘कोणी नाही’, एवढे दोनच शब्द. आणि तेवढ्यात मुदपाकखान्याच्या पायरीवरून आवाज आला,

“आहे की. मी आहे.”

दोघांनी वळून पाहिलं. पायरीवर एक बाई उभी होती. चाळिशी उलटलेली, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, कमरेवर माशांची टोपली. नदीवरच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, जी नाव चालायची, तिची मालकीण होती ती. ओडिला तिचं नाव. शुक्रवारचे मासे द्यायला आली होती.

“ए बाई, ही तालीम चालू आहे,” वेंडेल खेकसला. “मध्ये बोलायचं नाही.”

“तुम्हीच तर विचारलंत, कोणी आहे का म्हणून. आणि एवढ्या जोरात विचारलंत! मला वाटलं, उत्तर हवंय.”

आन्सेल्मच्या हातातली ढाल खाली आली. “तू कोण म्हणालीस?”

“धाकट्या पातीची, सरकार. ज्यांना तुमच्याकडे लबाड म्हणतात, त्यांची. बाजारातही म्हणतात. ‘लबाडांची नाव आली का?’ असंच विचारतात लोक. माझी मुलं आता त्या हाकेला ओ देतात. तेवढं मात्र मला खुपतं.”

नियमाप्रमाणे तिला हाकलायला हवं होतं. पण ती भर उन्हात उभी होती आणि टोपली जड असावी. “आत येऊन बस,” तो म्हणाला आणि आपण हे बरोबर केलं का, असं लगेच स्वतःलाच विचारू लागला.

मुदपाकखान्यात चुलीजवळ दोघं बसली. आन्सेल्मने खूप वेळ बोटं चाळवली. मग विचारलं, “तुमच्या पूर्वजाने असं काय खोटं सांगितलं होतं? आमच्या पुस्तकांत एवढंच आहे, की त्याने भर मेजवानीत बापाची बदनामी केली.”

“तुम्हाला ठाऊकच नाही?” ओडिलाला नवल वाटलं. “आमच्याकडे तर अंगाईसारखं सांगतात पोरांना. आधी तुमच्याकडचं सांगा.”

आन्सेल्मने सांगितलं. शत्रूचं सैन्य नदीपलीकडे आलं होतं. दाट अंधार होता. गावातले सगळे पळाले. मूळपुरुष मात्र चिलखत घालून उतारावर एकटा पाय रोवून उभा राहिला, पापणीसुद्धा न लववता. त्याचं तेज बघून शत्रू परत गेला. राजाने त्याला हा किल्ला दिला आणि ‘निर्भय’ हा शब्द दिला.

“अंधारात तेज कसं दिसलं?” ओडिलाने विचारलं.

एवढी वर्षं वाचूनही हे आन्सेल्मच्या मनात आलं नव्हतं.

“आमच्याकडचं ऐका,” ती म्हणाली. “उभा होता तो, खरंच. पण असा थरथरत होता, असा थरथरत होता, की अंगातलं लोखंडी चिलखत खळखळ वाजत होतं. दात वाजत होते ते निराळेच. पलीकडे शत्रूला काही दिसेना, नुसता आवाज. त्यांना वाटलं, अंधारात मोठी फौज उभी आहे आणि शस्त्रं परजते आहे. म्हणून ते गेले. त्याने हे धाकट्या मुलाला सांगितलं होतं, हसत हसत. बापाच्या मागे धाकट्याने ते भर मेजवानीत सांगितलं, तर थोरला म्हणाला, असं काही झालंच नाही. भाऊ लबाड आहे. आणि भिंतीवर करवत चालवली.”

“मग तो पळाला का नाही? एवढा घाबरला होता तर?”

“मागे घरात त्याची आई होती ना. तिला चालता येत नव्हतं.”

चुलीत लाकूड फुटलं तसा आन्सेल्म दचकला. हात झग्यात लपवायची त्याला सवय होती. आज तो विसरला. ओडिलाने त्या कापणाऱ्या हातांकडे बघितलं आणि तिचा चेहरा मऊ झाला.

“तुमचेही हात तसेच,” ती म्हणाली. “माझ्या बापाचे असेच होते. माझा थोरला चूल विझली का ते उठून उठून बघतो. आमच्यात सगळे तसेच, काका. तो ढालीवरचा करकोचा बघा ना. पायात दगड का धरतो? झोप लागली तर दगड पडून जाग यावी म्हणून. घाबरट पक्षी आहे तो! कुठल्या निर्भयाने असला पक्षी ढालीवर काढला असता?”

तिने ‘काका’ म्हटलं, हे आन्सेल्मच्या ध्यानात आलं. कितीतरी वर्षांत त्याला कोणी नात्याने हाक मारली नव्हती. सरकार म्हणत, धनी म्हणत, मागे बरंच काही म्हणत असतील. काका कोणी म्हणत नव्हतं.

“मी तुम्हाला परत जोडलं,” तो अडखळत म्हणाला, “तर मला गावासमोर सांगावं लागेल, की धाकटा खरं बोलला. म्हणजे तो शब्द खोटा. बाप, आजोबा, सगळे त्या शब्दावर जगले आणि मेले. मी कोण तो पुसणारा? आणि मी पुसला, तर लोक म्हणतील, स्वतः भित्रा म्हणून पूर्वजांनाही भित्रं करतो.”

“म्हणतील बहुतेक,” ओडिला म्हणाली. ती उठली आणि टोपली कमरेवर घेतली. “नाही जमलं तर राहू दे, काका. किल्ला मला नकोच. एवढ्या पायऱ्या कोण चढणार? आणि त्या दिवशी चोपदार विचारील तेव्हा मी गप्प राहीन. आज चुकून बोलले. त्या दिवशीचं उत्तर तुमचं.”

ती गेली. आन्सेल्मने पुढचे दिवस कसे काढले, ते त्यालाच ठाऊक. सकाळी वाटे, सांगावं. दुपारपर्यंत वाटे, बाईची गोष्ट खरी कशावरून? कागद नाही, साक्षीदार नाही. त्याने पुन्हा सगळी पुस्तकं काढली. पुस्तकांत तलवारी होत्या, विजय होते, कोणी कोणाला काय बक्षीस दिलं ते होतं. मूळपुरुषाला आई होती, एवढंसुद्धा कुठे लिहिलेलं नव्हतं.

चोपदार आला. उंचच होता. दिवाणखाना गावकऱ्यांनी भरून गेला. मागे दरवाजाशी ओडिला उभी होती, घरातल्या मुलामाणसांना घेऊन. वेंडेलने ती पातळ ढाल आणून उमरावाच्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, “गुडघ्यावर ठेवून दाबा, सरकार. मी मधोमध एक चीर पाडून ठेवलीय.”

चोपदाराने काठी आपटली. “निर्भय घराण्याच्या रक्ताचं कोणी उरलंय का?”

सगळे उमरावाकडे बघू लागले. त्याने ओडिलाकडे बघितलं. तिने शब्द पाळला. ती खाली बघत होती. तिच्याजवळच्या मुलांपैकी एकाने तोंड उघडलं, तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“कोणी...” आन्सेल्म म्हणाला आणि थांबला.

लोक चुळबुळ करू लागले. मग त्याने ढाल खाली ठेवली.

“आहेत,” तो म्हणाला. “त्या दाराशी उभ्या आहेत. माझ्या धाकट्या पातीची माणसं.”

दिवाणखान्यात एकच गलका झाला. चोपदाराने काठी पुन्हा आपटली. “ती पाती लबाड म्हणून कापलेली आहे. परत जोडायची, तर धाकटा खरं बोलला असं म्हणावं लागेल. तो खरं बोलला, तर तुमचा मूळपुरुष भित्रा ठरतो. विचार करून बोला. पुरावा काय?”

“पुरावा नाही,” आन्सेल्म म्हणाला. मग तो वेंडेलकडे वळला. “भिंतीवरचं ते चिलखत काढ.”

मूळपुरुषाचं ते लोखंडी कड्यांचं चिलखत पिढ्यान् पिढ्या भिंतीला टांगलेलं होतं. पूजेतल्या वस्तूसारखं ते पुसायचे, अंगात कोणी घालत नसे. वेंडेलने आणि आणखी एकाने मिळून ते म्हाताऱ्याच्या अंगावर चढवलं. त्या ओझ्याने तो वाकला, मग सावरला. आणि सगळ्या गावासमोर, दिवाणखान्याच्या मधोमध, दोन्ही हात उघडे ठेवून उभा राहिला.

आधी काही नाही. मग बारीक खळखळ ऐकू आली. ती वाढत गेली. खांद्यावरच्या कड्या छातीवरच्या कड्यांना लागल्या, बाह्यांवरच्या कड्या कमरेवरच्या कड्यांना लागल्या. दगडी भिंतींवरून आवाज उलटून आला आणि मागच्या रांगेतल्या माणसांनी खरोखरच दाराकडे वळून बघितलं, बाहेर शिपाई आले की काय म्हणून.

कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं.

“ही तुमची थरथर आहे,” चोपदार म्हणाला. “त्याची नव्हे.”

“माझी आली कुठून?” आन्सेल्म म्हणाला. “मी आयुष्यभर समजत होतो, या घरात घाबरणारा मी एकटाच. म्हणून तोंड लपवून राहिलो. तो घाबरला होता, चोपदार. घाबरला होता आणि उभा राहिला, कारण मागे त्याची आई होती. थोरल्याला हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्याने भावाला तोडलं. मला लाज वाटते ती त्याची. हा शब्द पुसा.”

चोपदाराने जवळ जाऊन त्या वाजणाऱ्या चिलखताला हात लावून पाहिला. नियमाचा माणूस होता तो. म्हणाला, “शेवटच्या माणसाने ज्याला आपला म्हटलं, तो आपला. एवढा अधिकार रीत त्याला देते. धाकटी पाती जोडली. वारस या बाईचा थोरला मुलगा. पण शब्द गेला. आणि शब्दाबरोबर राजाच्या पंगतीत पुढचा मान होता, तोही गेला. यापुढे तुमचं पान शेवटच्या रांगेत, मुदपाकखान्याच्या दाराशी.”

“चालेल,” आन्सेल्म म्हणाला. “तिथे सूप गरम मिळेल.”

आणि वेंडेल, ज्याने जन्मात कधी सरकारचा विनोद ऐकला नव्हता, तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं.

ओडिला पुढे आली. तिने काही न बोलता काकांच्या अंगातलं ते जड चिलखत उतरवायला हात लावला. एक बाही ती ओढत होती, दुसरी तिचा मुलगा. म्हातारा त्यातून बाहेर आला तेव्हा केस विस्कटलेले होते आणि डोळे भरलेले होते. “घरी जेवायला चला,” ती म्हणाली. “नदीपलीकडे. मासे आहेत.”

आन्सेल्म त्या नदीकाठी जन्मला होता, पण नावेत कधी बसला नव्हता. पाण्याची त्याला फार धास्ती. आज तो उतारावर गेला. ओडिलाची मुलं नावेत चढली, वेंडेल चढला, शेवटी दोघांनी धरून म्हाताऱ्याला चढवलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की या नावेतून आजवर एकही माणूस पाण्यात पडलेला नाही. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

नाव सुटायच्या आधी आन्सेल्मने संकोचून विचारलं, “दोर बघितलात ना नीट?”

“बघितला, आजोबा,” ओडिलाचा थोरला म्हणाला.

“नक्की?”

थोरला जरा घुटमळला. मग वाकून त्याने पुन्हा दोर चाचपला. त्याच्यामागून धाकटा वाकला, त्याच्यामागून ओडिला. आणि मग म्हातारा उमरावही वाकला. सगळ्यांनी मिळून एकदा नीट बघून घेतलं, आणि नाव निघाली.

तात्पर्य एवढंच: भीती वाटण्यात कमीपणा नाही, ती लपवण्यासाठी आपल्या माणसाला खोटं पाडण्यात आहे. जो घाबरूनही उभा राहतो आणि तसं सांगतो, त्याच्याजवळ माणसं परत येतात.